सांगावा

आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलगी पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला, ओळखीपाळखी निघाल्या. मग मुलाच्या मामांनी विचारले, "मुलगी काय करते?" आमचे दादा एस.टी.त वाहक होते. तीस वर्षे त्यांनी भरल्या गाडीत गर्दीला आवाज दिला. असा बोलका माणूस, पण या प्रश्नाला अडखळला. म्हणाला, "कम्युनिकेशनमध्ये आहे." मामांनी समजूतदारपणे मान हलवली आणि विचारले, "म्हणजे टेलिफोन खात्यात? पर्मनंट का?"

ती हसण्याची वेळ नव्हती, तरी आम्हाला हसू आवरले नाही. आतल्या खोलीतून पुतणीचेही हसू ऐकू आले. मंडळी गेल्यावर वहिनी मात्र रडकुंडीला आल्या. "भाऊजी, पोरगी नोकरीला लागून आठ वर्षं झाली. तीन ठिकाणं झाली. शेजारीण विचारते, मुलगी काय करते? शिक्षिका म्हणता येत नाही, नर्स म्हणता येत नाही. तुम्ही बी.कॉम. झालात, समाजाचं काम करता. तुम्ही तरी सांगा, ती करते तरी काय?"

त्या दिवशी वहिनींना आम्हाला नीट सांगता आले नाही. आमच्यासारख्या कारकुनाला जमाखर्चाची वही समजते; ही नवी कामे समजून घ्यायला वेळ लागतो. परंतु आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम करून याच वाटेला लागली आहेत. त्यांच्या आईबापांनाही वहिनींसारखाच प्रश्न पडत असणार. म्हणून हा लेख.

आम्ही सरळ सांगतो. ती सांगावा नेते.

हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गावकीच्या पाळीत सांगावा नेत. कोणी मयत झाले की पाहुण्यांच्या गावी बातमी पोहोचवायची, दवंडी द्यायची, तालुक्याला कागद न्यायचे, आलेल्या अंमलदाराचे ओझे वाहायचे. रात्र असो, पाऊस असो, काठी-घोंगडी घेऊन निघायचे. हा सांगावा एकाच दिशेने जाई. पाटलाने सांगितले ते तसेच्या तसे बोलायचे. त्यात आपला शब्द घालायची मुभा नाही, आणि आपले गाऱ्हाणे उलट पाटलाला सांगायची तर सोयच नाही. मोबदला म्हणजे बलुते आणि वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच वेठीविरुद्ध. वतने गेली ती १९५८च्या कायद्याने. आमच्या आजोबांनी मात्र १९५६ सालीच काठी खुंटीला टांगली ती कायमची.

त्यांची पणती आज सांगावा नेते आणि त्याचा पगार घेते. फरक एवढाच आहे का? की आणखी काही आहे? हे समजायला तिची तीन ठिकाणे पाहावी लागतील.

पहिले ठिकाण दानशूरांचे. मुंबईतल्या एका मोठ्या ट्रस्टमध्ये ती लागली. वाचकहो, कंपन्या दानधर्म पूर्वीपासून करीत, परंतु २०१३च्या कंपनी कायद्यातल्या १३५व्या कलमाने त्याला नियम लागला. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी, असे ठरले. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. पैसा आला की हिशेब आला, आणि हिशेबाबरोबर "काय काम झाले ते सांगा" हेही आले. ते सांगणारी माणसे हवीत. पुतणी गावोगाव जाई, ज्यांना मदत मिळाली त्यांच्याशी बोले, फोटो काढून घेई आणि वार्षिक अहवालासाठी इंग्रजीत "यशकथा" लिही. पगार चांगला, कचेरी थंडगार. पण एकदा ती म्हणाली, "काका, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं, पण फार नको. त्याचं जेवण कडू होता कामा नये. एवढं माप सांभाळायचं माझं काम."

दुसरे ठिकाण सरकारचे. एका योजनेच्या प्रचार कक्षात अकरा महिन्यांच्या करारावर. भित्तिपत्रके, रेडिओवरच्या जाहिराती, मोबाइलवरचे संदेश, गावातल्या बैठकांसाठी माहितीपत्रके. तिथे पगार कमी. पण सरकारचा हात लांब, गडचिरोलीच्या पाड्यापर्यंत पोहोचणारा. ट्रस्टचा अहवाल पाचशे माणसे वाचत असतील. सरकारची भिंत लाखो माणसे वाचतात. अडचण निराळीच. तिने लिहिलेली चार ओळींची सूचना टेबलाटेबलांवरून सह्या घेत फिरली, आणि परत आली तेव्हा अकरा ओळींची झाली होती. "अर्ज कुठे द्यायचा" एवढी साधी गोष्ट "विहित नमुन्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे" या शब्दांखाली गाडली गेली होती. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जाहिराती बंद, आणि काम ठप्प. आम्ही तिला म्हटले, "बाळ, फाइलीचा धर्मच तो. पण २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम वाच. लोकांनी मागण्याआधीच सरकारने माहिती आपणहून, स्थानिक भाषेत, समजेल अशी द्यावी, असे त्यात आहे." ते कलम तिने टेबलाच्या काचेखाली ठेवले. पुढच्या वेळी अकराच्या सात ओळी झाल्या, ही तिची कमाई.

तिसरे ठिकाण म्हणजे तिचे स्वतःचे. आज ती लहान संस्थांना सल्ला देते. कोणाचा अहवाल, कोणाचे माहितीपत्रक, कोणाला देणगीदारापुढे चार शब्द कसे बोलावेत याची शिकवणी. इथे मालक नाही, पण महिन्याची पहिली तारीखही नाही. बिलातून दहा टक्के टीडीएस कापला जातो, भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. परदेशी देणगी कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. संस्थेला खर्च आवरायचा झाला की पहिली कात्री बहुधा अशाच कामाला लागते. तिची वही आम्ही लिहितो, म्हणून हे सांगू शकतो.

असे हे काम. आता मनात येईल की चार शब्द इकडचे तिकडे करण्यात एवढे मोठे काय? मोठे आहे. या कामाने देशाचे भलेही केले आहे आणि बुरेही. आमच्या जन्माशीच त्याचा संबंध आहे.

आपल्या देशाने १९५२ साली कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशन या दानसंस्थेने दिल्लीत कचेरी उघडली. पुढे १९६०च्या दशकात कुटुंब नियोजन खात्यातले अधिकारी धर्मेंद्र कुमार त्यागी आणि फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर यांनी प्रचाराची नवी रीत काढली. म्हणजे दानसंस्था, सरकार आणि सल्लागार ही तिन्ही एका टेबलाशी बसली. न वाचणाऱ्यालाही कळावे म्हणून खूण ठरली ती उलटा लाल त्रिकोण. त्यासोबत आईबाप आणि दोन मुले यांचे हसरे चेहरे, आणि "दो या तीन बच्चे, बस" ही साधी घोषणा. भिंतींवर, बसवर हा त्रिकोण खेड्यापाड्यांत गेला. कामाची हातोटी म्हणून पाहिले तर याला तोड नव्हती. त्यागी १९६९ साली वारले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन १९८९ साली निघालेली डी.के.टी. ही संस्था अनेक देशांत काम करते.

परंतु सांगावा एकाच दिशेने जात होता. उलट उत्तर आणायची सोय कोणी केली नव्हती. १९७५ साली आणीबाणी आली आणि सांगाव्याचा हुकूम झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. नोकरदारांचे पगार अडवले गेले, गरिबांना धरून नेले गेले. शाह आयोगाच्या अहवालात हे सारे नोंदलेले आहे. आमचे वडील त्यावेळी मुंबईत एका कार्यालयात शिपाई होते. शस्त्रक्रियेचा दाखला आणा, नाही तर पगार मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते बिनपगारी रजा टाकून दोन महिने गावी जाऊन राहिले. आईने इकडे भांडी घासून घर चालवले. वडील पुढे सांगत, "साहेबाच्या मागच्या भिंतीवर लाल त्रिकोण होता. चित्रातली माणसं हसत होती, आणि आम्ही पळत होतो."

आम्ही १९७८ सालचे. वडील गावी पळाले नसते तर हा लेख लिहायला आम्ही नसतो.

१९७७ साली सरकार बदलले आणि खात्याचे नावही "कुटुंब नियोजना"ऐवजी "कुटुंब कल्याण" असे झाले. नाव बदलता येते. गेलेला विश्वास तसा परत येत नाही. याची किंमत पुढे लहान मुलांना मोजावी लागली. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. उत्तर प्रदेशात, विशेषतः गरीब मुसलमान मोहल्ल्यांत, आयांनी दारे लावून घेतली. या थेंबांनी मुले पुढे वांझ होतात, अशी अफवा होती. बाहेरच्याला ती अडाणीपणा वाटेल. पण ज्यांनी १९७६ पाहिले, त्यांना सरकारी माणूस दारात आला की काय आठवणार? २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. जगातल्या एकूण रुग्णांच्या ते जवळजवळ निम्मे होते.

ही गाठ कशी सुटली, हे आपल्या मुलांनी मुद्दाम शिकावे. "दो बूंद जिंदगी की" ही जाहिरात आपण सर्वांनी पाहिली. पण जाहिरातीने बंद दार उघडत नाही. युनिसेफने सरकारबरोबर उत्तर प्रदेशात त्याच मोहल्ल्यांतली हजारो माणसे कामाला लावली. त्यांत बहुतेक स्त्रिया. त्या घरोघर जाऊन आधी ऐकत. एखादी आई म्हणे, "गटार तुंबलंय, पोराला जुलाब आहेत, त्याचं औषध नाही आणि हे थेंब मात्र दर महिन्याला!" ते गाऱ्हाणे त्या वर पोहोचवीत. मग थेंबांबरोबर हात धुणे, जुलाबांवरचे औषध, इतर लसी यांविषयीही बोलले जाऊ लागले. मशिदीतून इमामांनी आवाहन केले. पैसा सरकारचा होता, रोटरीचा होता, गेट्स फाउंडेशनचाही होता. पण दार उघडले ते गल्लीतल्या बाईने. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्याच्या एका मुलीला झालेला पोलिओ हा देशातला अखेरचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

लाल त्रिकोण आणि पोलिओचे थेंब यांतला फरक आम्हाला एवढाच दिसतो. पहिल्या वेळी माणसाला सांगितले. दुसऱ्या वेळी त्याला विचारलेही.

एवढे शहाणपण सांगतो आहोत खरे, पण आमचे स्वतःचे पाय मातीचे. तेही वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या वस्तीत आम्ही काही मंडळी मिळून एक अभ्यासिका चालवतो. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने टेबले, दिवे आणि पुस्तके दिली. वर्षअखेर त्यांनी एक "यशकथा" मागितली. अभ्यासिकेतली एक मुलगी बारावीला उत्तम गुणांनी पास झाली होती. आम्ही तिची गोष्ट लिहून दिली. वडील बिगारी, हे खरे. ते व्यसनी, हे चार वर्षांपूर्वी खरे होते. त्यांनी दारू सोडली आहे, हे आम्हाला पक्के ठाऊक होते. तरी आम्ही लिहिले, "व्यसनी पित्याच्या छायेत." कारण त्याशिवाय कथा उठून दिसत नव्हती. फोटोच्या वेळी तर आम्ही त्याहून पुढे गेलो. त्यांच्या घराची पुढची भिंत जयंतीला नुकतीच निळी रंगवली होती. आम्ही मुलीला मागच्या बाजूला, गंजलेल्या पत्र्यापाशी उभे केले.

कंपनीची गुळगुळीत पुस्तिका छापून आली. पन्नास प्रती आमच्याकडे पाठवल्या होत्या. आम्ही अभिमानाने वस्तीत वाटल्या.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी अभ्यासिकेत येईनाशी झाली. चौथ्या दिवशी तिचे वडील आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "जयभीम, भाऊ. मी चार वर्षं थेंबाला शिवलो नाही. तुम्हाला ठाऊक होतं." एवढेच बोलले आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

आम्ही पुतणीला फोन लावला. वाटले, ती या कामातली, काही पांघरूण सुचवील. तिने एकच विचारले, "काका, छापायला देण्याआधी तिला वाचून दाखवलं होतं का?" आम्ही गप्प. "मी ट्रस्टमध्ये पहिल्या वर्षी अशा नऊ गोष्टी लिहिल्या," ती म्हणाली. "एकालाही वाचून दाखवली नाही. इंग्रजीत होत्या, त्यांना कुठे कळणार, असं वाटलं. ती नोकरी मी का सोडली हे आईला आजवर सांगितलं नाही."

त्या संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो आणि हात जोडले. वाटलेल्या पन्नासपैकी एकतीस प्रती दारोदार फिरून परत आणल्या. कंपनीला पत्र लिहिले. त्यांनी पुढच्या छपाईतून ती गोष्ट काढली, पण गेलेल्या प्रती गेल्याच. मुलगी आमच्या अभ्यासिकेत परत आली नाही. दोन स्टेशने पलीकडच्या वाचनालयात जाऊन ती शिकली. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रस्त्यात भेटली की "जयभीम, काका" म्हणते. आम्हीही म्हणतो. त्याहून अधिक बोलणे अजून झालेले नाही.

अभ्यासिकेत आता एक नियम फळ्यावर कायमचा लिहिला आहे. ज्याच्याविषयी लिहाल, त्याला आधी त्याच्या भाषेत वाचून दाखवा. तो "नको" म्हणाला तर फाडून टाका. देणगी कमी मिळाली तरी चालेल.

कोणी म्हणेल, दुसऱ्याचा पैसा घेतला की दुसऱ्याची भाषा बोलावी लागणारच. तसे नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. बाबासाहेब त्यावेळी सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे सरकारी नोकरीत, प्राध्यापक. म्हणून संपादक म्हणून नाव दुसऱ्याचे होते. दाता होता, सरकारी नोकरीचे बंधनही होते. तरी शब्द मुक्यांचेच राहिले.

तेव्हा आईबापांना आमचे सांगणे असे. मुलगी किंवा मुलगा या वाटेला निघाला तर घाबरू नका, आणि हुरळूनही जाऊ नका. सरकारात ही पदे कायमची आहेत. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. तिथे आरक्षण आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करायला लावा. खासगी ट्रस्टात आणि सल्लागारीत आरक्षण नाही, ओळखी आणि इंग्रजी चालते. म्हणून इंग्रजी पक्के करा, पण मराठी त्याहून पक्के करा, कारण ज्यांचे ऐकायचे ती माणसे मराठीत बोलतात. स्वतंत्र काम करायचे तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू देऊ नका. आणि मूल घरी आले की पगार विचाराल तसे हेही विचारा: आज कोणाचे ऐकून आलास?

दिवाळीतले ते स्थळ पुढे गेले नाही. मे महिन्यात दुसरी मंडळी आली. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. आम्ही उत्तर द्यायला सरसावलो, तर वहिनींनी हातानेच थांबवले. म्हणाल्या, "लोकांचं म्हणणं वर पोहोचवते, वरचं लोकांना समजावून सांगते. पर्मनंट नाही." मुलाची आई आशा सेविका होती. ती हसून म्हणाली, "मग माझ्यासारखंच की!"

बोलणी चालू आहेत. जयभीम.